अकादमी संपली, आता खेळायचं कुठे?

2013 च्या मे महिन्यात लेस्टर सिटी आणि वॅटफर्ड यांच्यात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला प्लेऑफ सामना, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची लढत, झाला. त्या दिवशी लेस्टरच्या बाकावर बसलेल्यांत एक होता 19 वर्षांचा हॅरी केन, टॉटनहॅमकडून लोनवर, म्हणजे हंगामापुरता उसना आलेला. दुसरा 26 वर्षांचा जेमी व्हार्डी. दोघांनाही पहिल्या अकरात जागा नव्हती. पुढे 2015-16 च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, सर्वाधिक 25 गोल केनने केले, व्हार्डीने 24 केले, आणि विजेतेपद लेस्टरने पटकावलं.

हा किस्सा सहसा ‘जिद्द सोडू नका’ हे सांगायला वापरतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. ज्यांचं पोटच फुटबॉलवर आहे, त्यांनाही एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचं पुढे काय होणार हे ओळखता येत नाही. केनला आर्सेनलने लहानपणीच सोडून दिलं होतं, व्हार्डीला शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षाच्या सुमारास. मग एखादा पोरगा मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये टिकेल की नाही, हे कळायचं कसं? त्याला खेळवून बघायचं, एवढाच मार्ग आहे. आणि घोडं तिथेच पेंड खातं, कारण त्याला खेळवण्याची किंमत कुणीतरी मोजावी लागते. ती कुणी मोजायची, यावरच जगभर वेगवेगळ्या पद्धती निघाल्यात.

आधी इंग्लंडचं बघू, कारण तिथली व्यवस्था सगळ्यात जास्त लिखापढीची आहे. 2012 मध्ये तिथे ‘एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन’ आला. मैदानं, प्रशिक्षक, फिजिओ, शाळेची सोय हे सगळं तपासून अकादम्यांना, म्हणजे पोरांना घडवणाऱ्या क्लबांच्या शाळांना, चार श्रेणींत बसवलं गेलं. मुलं नऊ वर्षांखालच्या गटापासून येतात. सोळाव्या वर्षी त्यातल्या निवडक मुलांना दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते, म्हणजे फुटबॉल आणि शिक्षण दोन्ही. सतरा पूर्ण झाल्यावर व्यावसायिक करार करता येतो. अठराव्या वर्षाच्या आसपास क्लब ठरवतो, करार द्यायचा की नारळ.

करार मिळाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं घरच्यांना वाटतं. खरी अडचण तिथून पुढे असते.

मोठ्यांचा खेळ वेगळा म्हणजे नेमका कसा?

एक अठरा वर्षांचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू घ्या. दहा वर्षं त्याने एकच गोष्ट चोख केली आहे: चेंडू पुढे ढकलायचा आणि बॅकला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या बचावपटूला, वेगात मागे टाकायचं. अकादमीत समोरचा बॅक त्याच्याच वयाचा, तो ईर्ष्येने अंगावर धावून येतो आणि फसतो. सीनियर सामन्यात समोर तिशीतला बॅक असतो. त्याचा वेग आता गेलेला आहे, पण तो धावतच नाही. चेंडू यायच्या आधीच तो पाठीला चिकटतो, पंच दुसरीकडे बघत असताना शर्ट धरतो, आणि पोराला त्याच्या कमजोर पायाच्या बाजूला ढकलत नेतो. तीन वेळा असं झालं की चौथ्या वेळी पोरगा चेंडू मागे देतो. प्रशिक्षक वहीत लिहून ठेवतो, ‘घाबरतो’.

पोरगा घाबरलेला नसतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायची वेळ त्याच्यावर आजवर आलेलीच नसते, इतकंच.

त्याहून मोठा बदल कागदावर दिसत नाही. अकादमीत संघ असतो तो पोरांना घडवायला. सामना हरला तरी चालतं, पोरगा शिकला पाहिजे. सीनियर संघात हे उलटं होतं. तिथे तीन गुणांवर प्रशिक्षकाची नोकरी असते, शेजारी बसलेल्या डिफेंडरचा बोनस असतो, घराचे हप्ते असतात. एका चुकीच्या पासवरून मोठा खेळाडू जे बोलतो, ते अकादमीत कुणी बोललेलं नसतं. कालपर्यंत जो संघाचा हिरो होता, तो आज सराव संपल्यावर चेंडू गोळा करत असतो आणि शनिवारी प्रेक्षकांत बसतो.

यात वयाचाही एक घोळ आहे. इंग्लंडमध्ये वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात, पण दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. बारा-तेराव्या वर्षी हे अंतर फार असतं. शिवाय कुणाची उंची तेराव्या वर्षी सुटते, कुणाची सोळाव्या. ज्यांची आधी सुटते ते धक्के मारून जिंकतात, अकादम्याही त्यांनाच निवडतात. अठराव्या वर्षी बाकीचे उंचीला आले की या धक्केवाल्यांचं भांडवल संपतं. उलट जो बुटका म्हणून चार वर्षं डोकं चालवून खेळला, तो अचानक पुढे निघतो, पण तोवर अकादमीत टिकला असेल तरच. केनचा जन्म जुलैचा, म्हणजे आपल्या गटातल्या धाकट्यांपैकी. यावर उपाय म्हणून काही अकादम्या अधूनमधून वयाऐवजी शरीराची वाढ किती झाली त्यावर गट पाडून सामने खेळवतात. चांगला उपाय आहे, पण अठराव्या वर्षीचा निर्णय त्याने सुटत नाही.

मिनिटं कुठून आणायची?

फुटबॉलवाल्यांच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो. पोराला ‘मिनिटं’ हवीत, म्हणजे खऱ्या सामन्यात, खऱ्या दडपणाखाली खेळायला हवं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वेगळी लीग. इंग्लंडने 2016 मध्ये ‘प्रीमियर लीग 2’ ही तेवीस वर्षांखालच्यांची स्पर्धा केली, 2022 मध्ये वयाची अट 21 वर आणली. मैदान झकास, प्रशिक्षण उत्तम, सामने भरपूर. फक्त हरलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहण्यासारखं आहे हे: हातपाय मारायची सवय होते, पण डबा सोडल्याशिवाय पोहता येतं की नाही ते कळत नाही. त्याच 2016 मध्ये बड्या क्लबांच्या या पोरांना खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या ट्रॉफी स्पर्धेत घेतलं, तर छोट्या क्लबांचे चाहते बिथरले आणि अनेकांनी सामन्यांवर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमची स्पर्धा ही श्रीमंतांच्या पोरांची शिकवणी नाही. मला ते पटतं. किंमत कुणी मोजायची, हा मुद्दा इथे पहिल्यांदा उघडा पडतो.

स्पेनने वेगळी वाट धरली. तिथे मोठ्या क्लबचा ‘बी’ संघ देशाच्या नेहमीच्या लीगमध्येच उतरतो, खालच्या श्रेणीत, मोठ्या माणसांविरुद्ध. अट एवढीच की तो मुख्य संघाच्या श्रेणीत येऊ शकत नाही. पूर्वी बी संघांना कोपा देल रे हा देशाचा चषकही खेळता यायचा. 1980 च्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदसमोर रेआल माद्रिदचाच बी संघ कास्तिया उभा ठाकला आणि 6-1 ने हरला. पुढे ती मुभा काढून घेतली गेली. ही पद्धत जमून आली की काय होतं, याचं उदाहरण बार्सिलोनाचं. 2007-08 मध्ये पेप गार्डिओला बार्सिलोना बी चा प्रशिक्षक होता आणि संघ चौथ्या श्रेणीत खेळत होता, छोट्या गावांतल्या मैदानांवर. त्या संघातले सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो दोनच वर्षांनी, 2010 मध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरात होते. दोघं गुणी होतेच. पण त्यांना बी संघात घडवणारा प्रशिक्षकच पुढच्या हंगामात मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला, ही गोष्ट लोक विसरतात. त्याला या पोरांची खात्री पटवून द्यायला कुणी लागलंच नाही.

जर्मनीत तेवीस वर्षांखालचा संघ ठेवणं बुंडेसलीगा या वरच्या लीगमधल्या क्लबांना सक्तीचं होतं, 2014 मध्ये सक्ती उठली. आयन्ट्राख्ट फ्रँकफुर्टने लगेच आपला संघ बंद केला, आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू केला. आठ वर्षांत काय कळलं असेल याचा अंदाज आपण बांधू शकतो.

तिसरा मार्ग लोनचा. पोरगा करारानं आपलाच राहतो, पण हंगामापुरता दुसऱ्या क्लबकडे खेळायला जातो. केन चार ठिकाणी गेला: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर. चारही अनुभव वेगळे. मिलवॉल खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून झगडत होतं, तिथे तो खेळला आणि गोल केले. नॉरिचमध्ये पायाचं हाड मोडलं आणि जवळपास काहीच हाती लागलं नाही. लेस्टरला बाक. म्हणजे लोन हा शब्द एकच, पण त्याखाली काय मिळेल याचा भरवसा नाही.

लोन फसतं ते बहुतेक वेळा एकाच पद्धतीने. ज्या प्रशिक्षकाने पोराला हौसेनं मागून घेतलं, त्याची नोव्हेंबरात गच्छंती होते. नवा प्रशिक्षक आपल्या ओळखीची माणसं खेळवतो. हा परका, पुढच्या वर्षी जाणारा, याच्यावर मेहनत कशाला घ्यायची? एकोणीस वर्षांचा मुलगा अनोळखी शहरात भाड्याच्या खोलीत एकटा असतो, मूळ क्लबचा फोन आठवड्याला, मग पंधरवड्याला येतो. म्हणून शहाणे क्लब आता लोनवर गेलेल्यांसाठी वेगळा माणूस नेमतात, जो सामने बघायला जातो आणि जेवायलाही घेऊन जातो. काही करारांत असंही लिहितात की पोरगा जितका जास्त खेळेल तितकं लोनचं शुल्क कमी. हिशेबी वाटेल, पण हे कलम मला आवडतं. बाकावर बसवण्याचा खर्च त्याने बसवणाऱ्याच्या खिशातून जातो.

लोनचा दुरुपयोगही खूप झाला. काही क्लब डझनांनी पोरं साठवायचे, इकडे तिकडे पाठवायचे आणि भाव आला की विकायचे. फिफाने 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली: आधी 8 खेळाडू, मग 7, आणि 2024-25 पासून 6. पण 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू यातून वगळले आहेत, म्हणजे आपण ज्या पोरांबद्दल बोलतोय ती बहुतेक बाहेरच.

चेल्सीचं 2019 हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. त्यांची अकादमी वर्षानुवर्षं चषक जिंकत होती, पण पोरं मुख्य संघात दिसत नव्हती. त्या उन्हाळ्यात फिफाच्या बंदीमुळे त्यांना नवे खेळाडू घेता येईनात. नवा प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड आदल्या वर्षी डर्बीला होता आणि मेसन माउंट त्याच्याकडे तिथे लोनवर खेळला होता. मग माउंट, टॅमी अब्राहम, फिकायो तोमोरी, रीस जेम्स हे सगळे लोनवरून परतलेले एका हंगामात चेल्सीकडून खेळू लागले. पोरं रातोरात सुधारली नव्हती. फक्त दुकान बंद होतं, म्हणून घरातलं काय आहे ते बघावं लागलं.

आणि तरीही 2023 मध्ये माउंट मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. यामागे हिशेबाची एक गंमत आहे. बाहेरून विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लबच्या वह्यांत कराराच्या वर्षांवर विभागून लिहितात, त्यामुळे विकताना उरलेली किंमत वजा करून नफा मोजावा लागतो. अकादमीतल्या पोराला विकत घेतलेलंच नसतं, म्हणून त्याची विक्री जवळजवळ सगळीच्या सगळी नफा दिसते. तोट्यावर मर्यादा घालणारे नियम पाळायचे तर घरचं पोर विकणं सगळ्यात सोयीचं. पोराला मोठं करण्यात क्लबचा फायदा आहे, हे खरं. पण ते मोठं झाल्यावर घरातच राहील, असं काही त्यात येत नाही.

मिनिटं हवीत, पण किती, हाही प्रश्न आहेच. बार्सिलोनाचा पेद्री 2020-21 मध्ये क्लब आणि देशाकडून, युरो ही युरोपची राष्ट्रीय संघांची स्पर्धा आणि ऑलिंपिक धरून, 70 पेक्षा जास्त सामने खेळला, वय अठरा. त्यानंतरचा बराच काळ तो मांडीच्या स्नायूंच्या दुखापतीत अडकला.

ज्यांना नारळ मिळतो त्यांचं काय, हे बोलायला क्लब आत्ताआत्ता लागलेत. आठव्या वर्षापासून ज्याची ओळखच ‘तो अमक्या क्लबचा’ अशी होती, त्याला अठराव्या वर्षी पाच मिनिटांच्या बैठकीत सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजत नाही. क्रिस्टल पॅलेसने सोडलेल्या पोरांसाठी तीन वर्षांची पाठपुरावा योजना सुरू केली: शिक्षण, नोकरी, दुसरा क्लब शोधणं, मन मोकळं करायला माणूस. हे काम प्रशिक्षणाइतकंच महत्त्वाचं आहे असं माझं मत आहे. पोरगा तिथे गेला तो क्लबच्याच निवडीने.

आपल्याकडे

भारतात हा प्रयोग सगळ्यात उघडपणे केला तो देशाच्या फुटबॉल महासंघाने. 2010 मध्ये तरुण खेळाडूंचा एक संघच थेट आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये उतरवला. तो 2013 मध्ये बंद पडला, आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकानंतर ‘इंडियन अ‍ॅरोज’ म्हणून पुन्हा उभा राहिला. त्या विश्वचषकात भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला होता. आता तीच पोरं दर आठवड्याला मोठ्या माणसांशी खेळणार होती. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 ने हरवलं, त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. पण हंगाम लांब असतो. अखेरीस संघ तळाला राहिला.

अ‍ॅरोजना तळाला राहिले तरी खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही, असं आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे त्यांच्या वर, नवव्या स्थानावर असलेल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर ती वेळ आली. नंतर महासंघाने त्यांना लीगमध्ये ठेवून घेतलं ही गोष्ट वेगळी. पण पोरांच्या मिनिटांची किंमत दुसऱ्याच कुणाच्या नावावर कशी पडते, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. 2022 मध्ये अ‍ॅरोज पुन्हा गुंडाळला गेला. त्याच वर्षी गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशाच्या वरच्या लीगमधल्या क्लबांच्या तरुण संघांसाठी. म्हणजे आपण मोठ्यांत खेळवण्याकडून पुन्हा समवयस्कांत खेळवण्याकडे आलो. सामने वाढले, हे चांगलंच. दडपण मात्र कमी झालं. गोव्यात त्यातल्या त्यात बरं आहे: एफसी गोवाची तरुण पोरं गोवा प्रोफेशनल लीगमध्ये सीनियर संघांशी भिडतात. लिस्टन कोलासो या गोव्याच्या पोराला तर एफसी गोवातही फारशी संधी मिळेना. 2020 च्या जानेवारीत तो हैदराबादला गेला आणि तिथेच देशाला दिसला.

कोल्हापूरचं चित्र याच्या नेमकं उलटं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या पेठांतल्या तालीम-मंडळांच्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा तिशीतल्या गड्याशी खांद्याला खांदा लावून खेळतो. पेठेची इज्जत पणाला असते, वय बघून कुणी सोडत नाही. इंग्लंडच्या अकादम्या ज्या दडपणासाठी तडफडतात, ते इथे शनिवार-रविवारी फुकट मिळतं. नाही ते बाकीचं: रोजचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, फिजिओ, बारा महिन्यांचा पगार. गुडघा गेला की पोरगा स्वतःच्या पैशाने डॉक्टर शोधतो.

आणि पुढे जायचं तर क्लब टिकायला हवेत. पुणे एफसी 2015 मध्ये संपला, डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. आयएसएलमधली पुण्याची जागा हैदराबादने घेतली, आणि त्याच हैदराबादकडून 2022 मध्ये अनिकेत आयएसएल विजेता झाला. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचा पुढचा हंगामच लांबणीवर टाकल्याचं क्लबांना कळवलं गेलं. अशा वेळी सगळ्यात आधी कात्री लागते ती तरुण संघांच्या खर्चाला.

म्हणून एखाद्या अकादमीत किंवा क्लबात मुलाला घालताना मैदानाचे फोटो बघू नका. गेल्या तीन वर्षांत इथली अठरा-एकोणीसची किती पोरं सीनियर सामना खेळली आणि कुठे, ते विचारा. मुख्य संघात जागा नसेल तर लोनवर पाठवतात का, आणि पाठवल्यावर कोण लक्ष ठेवतं, तेही विचारा. बारावी आणि पदवीचं काय, हे पहिल्याच भेटीत विचारा, त्यात संकोच कसला? आणि मुलाची नोंदणी महासंघाच्या प्रणालीत प्रत्येक हंगामात, खऱ्या क्लबच्या नावाने झाली आहे ना, ते स्वतः तपासा.

हे शेवटचं काम तालमीच्या कार्यकर्त्यांनीही करावं. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: 12 ते 15 च्या प्रत्येक वर्षाचे 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाचे 0.5 टक्के. पेठेतल्या मंडळाने पोराला चार वर्षं खेळवलं, बूट घेऊन दिले, पण कागदावर त्याचं नाव कुठेच नसेल, तर त्या वाटणीत मंडळाचा हिस्सा शून्य.